लाईट नाही, कॅनिस्टर बंद, सिल्व्हर शार्क मासा टाकीबाहेर पडला होता. तातडीने मदत हवी आहे

आंबोळी

कुडाळजवळच्या गावातून लिहितेय. काल संध्याकाळी वळवाचा मोठा पाऊस झाला, पोल आडवे झाले आणि लाईट गेली ती अजून आलेली नाही. वायरमन म्हणतो, उद्या दुपारच्या आधी आशा धरू नका. मोबाईल गाडीत चार्ज करतेय, म्हणून उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत दोन पर्ल गुरामी, सहा टायगर बार्ब, चार कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि साधारण सहा इंची एक सिल्व्हर शार्क. मागच्या बाजूला वॅलिसनेरिया, म्हणजे पाण्यातलं गवत, दाट माजलंय. फिल्टर कॅनिस्टर, म्हणजे पाईपने टाकीला जोडलेला बंद डबा, खाली कपाटात.

पहाटे सासूबाई उठल्या तर शार्क फरशीवर, कपाटाच्या कडेला. झाकणाची काच पाईपसाठी कोपऱ्यात कापलेली आहे, तेवढ्या फटीतून गेला. अंगभर केर चिकटलेला, शेपटी वाळून कडक. सासूबाई म्हणाल्या, "मेलो तो, टाक भायर." उचलला तर कल्ल्याचं झाकण एकदा हललं. लगेच टाकीत सोडला. आता तळाशी तिरका पडून भराभर श्वास घेतोय, एका बाजूचे खवले गेलेत.

बार्ब वर येऊन तोंडं उघडताहेत. गुरामी मात्र मजेत. शार्कला वेगळा काढू का? मेथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध घरात आहे, घालू का? आणि लाईट आल्यावर कॅनिस्टर तसाच सुरू केला तर चालेल ना?

रहाटगाडगं

ताई, आधी बार्बकडे बघा. शार्क पडला हा वेगळा अपघात समजू नका. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे वर येतात, आणि उडी मारणारी जात असेल तर थेट बाहेर जातात. सिल्व्हर शार्क त्यात पहिल्या नंबरचा. टाकीत अजून तीच परिस्थिती आहे, म्हणजे रात्री दुसराही कोणी उडी मारू शकतो. ती फट आत्ताच बंद करा, मच्छरदाणीचा तुकडा दुमडून चिकटपट्टीने लावला तरी पुरे. प्लास्टिक मात्र ताणून बसवू नका, हवा खेळती राहायला हवी.

मग एक तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता. सलग पाच-दहा मिनिटं, आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा. पृष्ठभाग मोडला पाहिजे, नुसतं पाणी ढवळून तेवढा उपयोग नाही. खाणं पूर्ण बंद. मोठे मासे चार दिवस उपाशी राहिले तर त्यांचं काही बिघडत नाही, पण त्यांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजताना प्राणवायूच खातं.

भरतीओहोटी

+1. आणि वॅलिसनेरियावर विसंबू नका. झाडं प्राणवायू देतात ती उजेडात. अंधार पडला की तीही माशांसारखीच तो वापरतात. दाट झाडांच्या टाकीत पहाटेची वेळ सगळ्यात वाईट असते, आणि तुमचा शार्क नेमका पहाटे सापडला. दिवसा खिडकीचा उजेड येत असेल तर पडदे उघडे ठेवा, मात्र थेट ऊन नको. पाणी तापेल. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला 7.5 च. आणि गरम पाण्यात माशाला लागतो जास्त.

ठाणेकर_काका

सिल्व्हर शार्क फूटभर वाढतो, कळपात राहणारा मासा आहे. 3 फुटी टाकीत एकटा ठेवायचाच कशाला? दुकानदार सांगत नाहीत आणि लोक विचारत नाहीत.

आंबोळी

काका, माहीत आहे. नणंद पुण्याला गेली तेव्हा तिची टाकी आमच्याकडे आली, त्यात तो आला. पाऊस संपला की मोठ्या हौदात जाणार आहे. आज एवढ्यावर सोडा.

तांब्याने पाणी ओततेय. मुलगा आणि मी आळीपाळीने. बार्ब थोडे खाली गेले!

रहाटगाडगं

शाब्बास. आता शार्क. वेगळा काढू नका. लाईट नसताना बादलीत ठेवलात तर थोड्या पाण्यात त्याची अवस्था आणखी वाईट होईल. बार्ब शेपटी कुरतडायला लागलेच तर मधे प्लास्टिकची चाळणी उभी करा.

मासा बाहेर पडल्यावर कल्ल्यांची पातं एकमेकांना चिकटतात. हवेत प्राणवायू भरपूर असतो, पण तो घ्यायला ती पातं पाण्यात उघडी तरंगत असावी लागतात. म्हणून कल्ले ओले होते तोवर आशा होती, आणि तुम्ही वेळेत सोडलात. कडक झालेला मासा लोक पटकन टाकून देतात. खरं तर आधी पाण्यात सोडून बघायचं, मग ठरवायचं. आता खरा धोका अंगावरच्या बुळबुळीत थराचा. तो फरशीला पुसला गेलाय, खवले गेलेत, तिथून बुरशी आणि जंतू शिरतात. दोन-तीन दिवसांनी कापसासारखं पांढरं दिसायला लागतं ते हेच. पुन्हा हात लावायची वेळ आली तर हात ओले करूनच लावा.

मेथिलीन ब्लू मुख्य टाकीत घालू नका. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणाऱ्या फिल्टरच्या चांगल्या जिवाणूंना ते मारतं, आणि ते बिचारे आधीच आजारी आहेत. साधं खडे मीठ चालेल, लिटरला 1 ग्रॅम. तुमच्या मापाची टाकी साधारण 100 लिटरची, पण वाळू-दगड वजा करून 85 धरा. म्हणजे 85 ग्रॅम, पाण्यात विरघळवून, तासा-तासाने तीन हप्त्यांत.

शेवाळ

कोरी आहेत ना? त्यांना मीठ सोसत नाही म्हणतात.

रहाटगाडगं

एवढ्या प्रमाणात माझ्या कोरींना कधी काही झालेलं नाही. लोक मूठभर मीठ अंदाजाने टाकतात आणि मग कोरीला दोष देतात. तरी अर्ध्या डोसने सुरुवात करायला हरकत नाही.

नवाडी

मेडिकलमध्ये 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड मिळतं, पाण्यात प्राणवायू सोडतं. थोडं टाकलं तर?

भरतीओहोटी

सोडतं हे खरं. पण थोडं जास्त झालं की कल्ले भाजतात, आणि आधीच खवले गेलेला मासा टाकीत आहे. हाताशी तांब्या आणि दोन माणसं असताना ही जोखीम कशाला?

मुरूडकर

निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, आमच्याकडे लाईट गेली ती कितीतरी दिवस आली नाही. टाकीचा विचार करायला कोणाला वेळ होता म्हणा, छपरं उडाली होती. तरी जे वाचले ते कोणते हे सांगतो: गुरामी आणि बेट्टा, म्हणजे फायटर. यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक हवेचा कप्पा असतो, वर येऊन घोट घेतात आणि भागवतात. कोरीसुद्धा वर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून शोषते, म्हणून मधेच बाणासारखी वर जाऊन येते. आपली मरळ घ्या, बाजारात कोळीण टोपात जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात तासन् तास जिवंत ठेवते, तेही याच जोरावर. आमचे बार्ब आणि टेट्रा मात्र पहिल्या दोन रात्रींतच गेले.

गुरामी मजेत आहेत त्यावरून पाणी चांगलं आहे असं समजू नका, एवढंच सांगायचं होतं. बार्ब काय करतात ते बघा.

आंबोळी

हे फार उपयोगी पडलं. मी गुरामींकडे बघूनच निश्चिंत होते. विहिरीचं पाणी बदलू का? रहाट आहे, लाईटची गरज नाही.

रहाटगाडगं

बदला, पण चौथाई. विहिरीच्या पाण्यात क्लोरिन नाही हे चांगलं, पण खोलवरच्या पाण्यात प्राणवायूही कमी असतो. एका बादलीतून दुसरीत चार-पाचदा वरून ओता, तासभर ठेवा, हाताला टाकीच्या पाण्याइतकंच लागलं की घाला.

आता कॅनिस्टर, कारण मला त्याचीच जास्त भीती आहे. तसाच सुरू करू नका! आतले जिवाणू बंद डब्यात प्राणवायूविना मरत असतात, काही तासांतच पाणी सडतं. लाईट आली आणि बटण दाबलं की ती सगळी घाण एका झटक्यात टाकीत. रात्र काढलेले मासे लाईट आल्यावर मरतात ते बऱ्याचदा यामुळे. आत्ताच उघडा. वास आला तर पाणी परसात ओता. आतला स्पंज आणि जिवाणू वाढतात त्या रिंगा टाकीतून काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळा आणि जाळीच्या पिशवीत घालून टाकीतच वरच्या बाजूला टांगा. तुम्ही पाणी ओताल ते त्यावरूनच ओता.

आंबोळी

उघडला. अंड्यासारखा घाण वास! स्पंज आता टाकीत लटकतोय.

ठाणेकर_काका

लाईट आल्यावर पुढचा आठवडाभर खाणं निम्मं आणि दर दोन दिवसांनी चौथाई पाणी. अमोनिया वाढणार हे धरूनच चला. आणि पुढच्या वेळेसाठी यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. असले पंप एक वॉटच्या आसपास खातात, 10000 एमएएचच्या पॉवर बँकेवर दिवसभर सहज चालतात. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा वर ठेवायचा, नाहीतर तो बंद पडला की नळीतून पाणी उलटं येऊन फरशीवर. तेवढं करायचं नसेल तर नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. बरं, मघाशी जरा जास्त बोललो.

आंबोळी

काका, बोललात ते खरंच होतं. पंप कणकवलीहून मागवते.

अपडेट: आज दुपारी लाईट आली. एक बार्ब गेला, बाकी सगळे आहेत. शार्क सरळ झालाय, पोहतोय, शेपटीची कड मात्र झडली. खवले गेलेल्या बाजूच्या डोळ्यावर धुरकट पडदा आलाय. औषध घालावं लागेल का?

रहाटगाडगं

शेपटी परत येईल. डोळा एकाच बाजूचा आहे, म्हणजे फरशीवर घासल्याचा मार असणार, स्वच्छ पाण्यात बहुतेक आपोआप निवळतो. दोन्ही डोळ्यांवर आला, डोळा फुगला किंवा अंगावर कापूस दिसला तर उजेडात एक फोटो काढून टाका, मग औषधाचं बघू. तोवर टाकीचा दिवा बंदच ठेवा.