मदत हवी आहे: विंडोज १० गेलं, आता दुकानाला कोणतं लिनक्स?

नौपाडाकर:
गोखले रोडजवळ लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. दोन पीसी, दोन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ हे पीसी घेत नाहीत. चांगली चालती मशीन भंगारात का घालू? काल एकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली, पण काम होत नाहीये. तुळशीचं लग्न झालंय, ऑर्डरी तुंबल्यात. कोणतं लिनक्स टाकू, तेवढं सांगा.

घणसोली९:
काम होत नाही म्हणजे नेमकं काय? प्रिंटर अडतोय का? प्रोसेसर कोणता?

नौपाडाकर:
आय थ्री, सहावी पिढी, ८ जीबी. प्रिंटर चालतोय.

खारघरवाला:
मिंट काढा, उबुंटू टाका. माझ्याकडे चार वर्षं विनातक्रार चालू आहे.

घणसोली९:
मिंट उबुंटूवरच उभं आहे, त्याने काय फरक पडणार? आधी त्यांची अडचण तरी कळू द्या.

वाशी_सेक्टर१७:
मॅक मिनी घ्या, कटकट संपेल.

नौपाडाकर:
नवीन मशीन घ्यायचं नाहीये. डिझाइनला कोरल ड्रॉ आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं, टायपिंगवाल्याला यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) आहे. लावलं की डोंगलचा दिवा लागतो, पुढे काही नाही. जुनी पत्रिका इंकस्केप या लिनक्सवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं.

घणसोली९:
हे पहिल्यांदा सांगायला हवं होतंत! तुमचे फॉन्ट युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या) आधीचे आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की मूळची इंग्रजी दिसतात. फॉन्ट टाकता येतील, पण डोंगलचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) विंडोजचाच असेल तर कुठलंही लिनक्स आणा, तिथेच अडणार.

जुना_बेलापूरकर:
कोरल ड्रॉ ९ लिनक्ससाठी २००० साली आलं होतं, टिकलं नाही. आयबीएमच्या ओएस/२ या सिस्टिमचंही तेच. त्यात विंडोजचे प्रोग्रॅम चालायचे, मग तिच्यासाठी वेगळे लिहायला फारसं कोणी बसेना. २००६ मध्ये सपोर्ट संपला. विंडोजला टक्कर द्यायची तर आधी असे प्रोग्रॅम लागतात.

खारघरवाला:
अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. हरलं कुठे?

घणसोली९:
प्रश्न डेस्कटॉपचा आहे हो. नौपाडाकर, डोंगलवाल्या पीसीवर विंडोज राहू द्या, सपोर्ट संपलाय म्हणून त्याचं नेट काढा. मेल आणि व्हॉट्सॲपला मिंट. फाइल पेनड्राइव्हने.

नौपाडाकर:
नेटची वायर आत्ताच काढली. पण गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येतो. तो या जुन्या फॉन्टमध्ये न्यायला नेटशिवाय चालणारा कन्व्हर्टर कोणाकडे आहे का? आज रात्री तीन पत्रिका द्यायच्या आहेत.