मदत हवी आहे: रास्पबेरी पाय ३ वर कोडीचा मेनू रखडतोय, सेटिंग बदलूनही फरक नाही

इंदूरहून लिहितोय, रामबागेतून. बैठकीतल्या टीव्हीला रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक जोडलाय, त्यावर लिब्रेइलेक ही सिस्टीम आणि सिनेमे लावायचं कोडी हे सॉफ्टवेअर. सानंद या इथल्या संस्थेचं नाटक नसेल त्या संध्याकाळी आई-बाबांचा मुक्काम तिथेच. व्हिडिओ एकदा लागला की अडत नाही, सगळा त्रास मेनूचा. आई खाली जायचं बटण दाबते, काही हलत नाही. पुन्हा दाबते. तिसऱ्यांदा दाबते. मग तिन्ही उड्या एकदम पडतात आणि भलताच सिनेमा उघडतो. पोस्टरं दिसेपर्यंत माझं पोह्यांवर शेव घालून लिंबूही पिळून होतं.

आतापर्यंतचे उद्योग: स्किन, म्हणजे मेनूचं रूप, मूळचीच, एस्च्युअरी. मध्ये एक चकचकीत स्किन टाकली होती, तो गाढवपणा निस्तरला. मग सेटिंगची पातळी एक्स्पर्ट करून डिस्प्लेचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. मेनू जरा हलका झाला, पण आता सिनेमेही ७२० मध्येच दिसतात आणि बाबांना ते लगेच कळलं! शेवटी कोडीच्या अ‍ॅडव्हान्स्डसेटिंग्ज फाइलीत इमेजरेस (पोस्टरं साठवायचा आकार) ७२० चं ५४० आणि फॅनआर्टरेस (मागच्या मोठ्या चित्रांचा आकार) १०८० चं ७२० केलं. फरक शून्य. चुकतंय कुठे?

प्रतिसाद: फाइल यूजरडेटा फोल्डरमध्येच आहे ना? नाव सगळं लहान इंग्रजी अक्षरांत (लोअरकेस) हवं, आणि ती कोडी सुरू होतानाच वाचली जाते. पण खरी मेख वेगळी. जुनी पोस्टरं आधीच्याच आकारात साठवलेली आहेत, ती आपोआप लहान होत नाहीत. कोडी थांबवून थंबनेल्स फोल्डर आणि टेक्स्चर्स१३ ही डेटाबेस फाइल उडवा. पहिल्यांदा सगळं नव्यानं साठवताना उलट जास्त रखडेल, घाबरू नका. सिनेमांसाठी रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो वेग) जुळवण्याचं सेटिंग चालू करा आणि व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे कोडीला वापरू द्यायच्या मोडच्या यादीत, १०८० चे मोड टिकवा, म्हणजे मेनू ७२० मध्ये, सिनेमा १०८० मध्ये. आणि हो, पायला चार्जर कोणता?

मी: सिनेमे परत १०८० झाले, बाबा खूश. थंबनेल्स आत्ताच उडवली. चार्जर जुन्या मोबाइलचा आहे. टीव्हीच्या कोपऱ्यात अधूनमधून विजेचं पिवळं चिन्ह चमकतं, मला वाटलं वायफायचं काही असेल.

प्रतिसाद: अहो, ती कमी व्होल्टेजची खूण! वीज अपुरी पडली की पाय प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतो. ५.१ व्होल्ट, २.५ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर लावा, मग बोलू.