सूडाचं कॉमिक, पेठेतला सातबारा आणि जकार्डचे पत्ते

फेरफार :
काल इथे एका नव्या सोलापुरी कॉमिकची पहिली बारा पानं टाकली गेली. खाली बोरू यांनी लिहिलं, "सूडकथेत कागद कोण तपासतं? चित्रं भारी आहेत, बस्स." त्यावर एका ओळीत उत्तर देणं जमणार नाही.

ज्यांनी पानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी : इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉमध्ये कुणीतरी चुगली करतं, आजोबा तुरुंगात जातात, साखर पेठेतलं घर हातचं जातं. आता नातू आपलं मूळ शोधत त्या चुगलखोराच्या वारसापर्यंत पोचतो.

पोचतो कसा? सहाव्या पानावर तलाठ्याकडून घराचा सातबारा काढतो. अहो, पेठेतल्या घराला सातबारा कुठला? तिथे मालमत्ता पत्रक, तेही नगर भूमापन कार्यालयात, सिटी सर्व्हे नंबरवर. नंबर माहीत नसेल तर शेजारच्या घराचा नंबर घ्यायचा, नकाशाच्या शीटवर आपली जागा शोधायची, मग पत्रक मागायचं. पत्रकावर फेरफार नोंदी असतात. त्या खालून वर वाचत जायच्या. घर दुसऱ्याच्या नावावर वारसाने गेलं, खरेदीने गेलं की कोर्टाच्या हुकमाने, ते तिथे एका शब्दात असतं. "खरेदीने" असेल तर पुढचा मुक्काम दुय्यम निबंधक, जुना दस्त. सगळा सूड त्या एका रकान्यात बसलाय आणि चित्रकाराने काय दाखवलं? पिवळा कागद आणि मागे वीज.

सातव्या पानावर आजोबांच्या तेलंगणातल्या गावचा महसुली कागद आहे, तो चक्क मोडीत. निजामाच्या राज्यातला त्या काळचा कागद उर्दूत असतो, साल फसली, म्हणजे तिथला महसुली सन. १३४० फसली वाचलं की ५९० मिळवायचे, १९३० येतं. एका चौकटीत ही बेरीज दाखवली असती तर अंगावर काटा आला असता.

बोरू :
काय बोलायलात साहेब! अठ्ठेचाळीस पानांचं कॉमिक म्हणजे सोळा पानी तीन फर्मे, म्हणजे एकेका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली सोळा-सोळा पानं. त्यात मुखपृष्ठाच्या आतलं, श्रेयनामावली वगैरे वजा करा. पानाला सहा चौकटी. तुमची नगर भूमापनची फेरी चार पानं खाणार, म्हणजे चोवीस चौकटी खिडकीसमोरची रांग! कॉमिक पान उलटण्यावर चालतं. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न, उलटलं की डाव्या पानाच्या पहिल्या चौकटीत उत्तर. "सिटी सर्व्हे नंबर काय?" या प्रश्नासाठी कुणी पान उलटणार आहे का?

एक मान्य. त्याच मार्शल लॉतल्या चौघा हुतात्म्यांची फाशी सोलापुरात दाखवलीय, ती चूक आहे. १२ जानेवारी १९३१, येरवडा. हे सोलापूरकराकडून व्हायला नको होतं.

धोटा :
सातबारा राहू द्या, अकरावं पान बघितलं का कुणी? जकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारं. आजोबांनी म्हणे म्हातारपणी चादरीच्या जकार्डच्या पत्त्यांत चुगलखोराचं नाव पाडून ठेवलं. नातू ट्रंकेतला गठ्ठा काढतो, कुठल्याशा कारखान्यातल्या मागावर चढवतो आणि चादरीवर नाव उमटतं. वा रे वा.

एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. पत्त्याला भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक जागेवर राहतो, उचलला जातो, उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हुक सरकतो, धागा खालीच. म्हणजे गठ्ठा ज्या जकार्डासाठी पाडला, तेवढ्याच हुकांचं आणि भोकांत तेवढंच अंतर असलेलं जकार्ड पाहिजे. दिसेल त्या मागावर चढवायला ती काय गादी आहे? त्यात इतकी वर्षं ट्रंकेत पडलेला पुठ्ठा दमटपणाने वाकतो. भोक सुईसमोर येत नाही, सुई पुठ्ठ्यावर आपटते, धागा उठतच नाही. पत्ते ओवलेली दोरी तर आधीच कुजलेली.

आणि हिशेब करा. इंचाला चाळीस आडवे धागे धरले तर तीन इंच उंच अक्षराला एकशेवीस पत्ते. चादर दुपदरी, दोन्ही बाजूंनी नक्षी आणि रंग उलटे, म्हणून खालच्या पदराचे पत्ते वेगळे. झाले दोनशे चाळीस. चित्रातले मोजले, अठरा आहेत. अर्धा इंचही होत नाही!

बोरू :
कॉमिक काढायचंय की आयटीआयची परीक्षा घ्यायचीय?

धोटा :
तुम्ही सूड विकायला निघालाय ना, मग पुरावा तरी टिकाऊ द्या. उद्या पूर्व भागातला, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू विणकर वस्तीतला, कुठलाही पोरगा ते पान बघून हसणार.

पूर्वभाग :
पूर्व भागाचं नाव निघालंच आहे तर ऐका. नाव कुठल्या लिपीत उमटतं? देवनागरीत. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर मरताना आपलं गुपित देवनागरीत ठेवेल? तेलुगूत ठेवेल. आणि नातू घरात तेलुगू बोलतो, पण मराठी शाळेत शिकला, वाचता येत नाही. मूळ शोधायची गोष्ट म्हणता ना, ती हीच. शत्रूचं नाव समोर आहे आणि ते आपल्याच भाषेत वाचता येत नाही. ते सोडून पोरगा कन्ना चौकात उभा राहून पुणेरी मराठी बोलतोय. सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी एवढंच यांना दिसतं.

अजून एक. तेलुगूत घराण्याचं नाव आधी, माणसाचं नंतर. मराठी दप्तरात कारकून ते उलटं लिहितो. नोंदवही दोन्ही नावांखाली शोधावी लागते. कॉमिकमधला नातू एकदाच बोट फिरवतो आणि सापडतं.

बोरू :
मग लेखकाने पुस्तकाऐवजी तेलंगणातल्या चेरियालचा, कापडावर गोष्ट रंगवतात तो पटच रंगवायचा होता. खादीला चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती लावा, लाल पार्श्वभूमीवर चित्रं काढा, जातीपुराण सांगत गावोगाव फिरा.

पूर्वभाग :
टोमणा मारलात, पण गोष्ट खरी आहे. मार्कंडेयाची, भावनाऋषीची, म्हणजे आम्हा पद्मशालींच्या मूळपुरुषांची कथा अशाच पटावर चौकट चौकट करून सांगायचे. आमच्याकडे चौकटींची गोष्ट छापखान्याच्या आधीपासून आहे. तुमचे सोळा पानी फर्मे नंतरचे.

फेरफार :
धागा कुठल्या कुठे गेला. माझा मुद्दा पानं वाढवायचा नाहीच. नातू कोर्टात का जात नाही, हे बारा पानांत कुठेही नाही. मुदतीच्या कायद्याने ताबा मागायला बारा वर्षं. ती केव्हाच उलटली. मालमत्ता पत्रकावरची तारीख दाखवा, वकिलाची एक मान हललेली दाखवा. दोन चौकटी. त्याशिवाय हा सूड म्हणजे नुसता आरडाओरडा.

बोरू :
बरं बाबा, दोन चौकटी घ्या. वीज काढून टाकतो म्हणतील लेखक. पण पत्त्यांचं पान मी सोडणार नाही. सगळ्या कॉमिकमध्ये नजर खिळते ते तेवढंच.

धोटा :
सोडा कोण म्हणतंय? फक्त तो विणायचा माग चित्रातून काढून टाका. पत्ते वाचायला माग लागतच नाही. चौकटीचा कागद घ्यायचा, एका पत्त्याला एक आडवी ओळ, भोक तिथे चौकोन काळा. दुपदरी असेल तर एक सोडून एक पत्ता घ्यायचा, नाहीतर दोन्ही पदर मिसळून नुसता चुरा दिसतो. ओळीमागून ओळ अक्षर वर येतं. घरात, रात्री, पेन्सिलीने. हे चित्रात मागापेक्षा भारी दिसेल.

बोरू :
...हे आधी सांगायला काय झालं होतं? उजव्या पानाच्या शेवटी अर्धं अक्षर, उलटलं की पूर्ण.

पूर्वभाग :
तेलुगूत.

बोरू :
होय की, तेलुगूत. पुढच्या पानावर कुणाकडून तरी वाचून घेईल. घ्या, एक पान वाढलं.

धोटा :
आणि चित्रकाराला सांगा, पत्त्याच्या एका टोकाला नंबर असतो, तो सगळ्यांचा एकाच बाजूला ठेवायचा. गठ्ठा पालथा धरला तर अक्षर आरशातलं येतं, नंबर शेवटून लावले तर डोक्यावर उभं.