होस्ट फॅमिलीसोबत शॉपिंगला जाताना बिल कोणी भरायचं?

शेपूची_जुडी:
मी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून ओसाकाला आलेय, होस्ट फॅमिलीकडे राहते, तिसरा आठवडा चाललाय. रविवारी ओकाआसान (म्हणजे होस्ट आई, मी तसंच म्हणते) आणि तिची शाळकरी मुलगी मला तेंजिनबाशीसुजीला (बाजाराची लांबलचक गल्ली) नेणार आहेत. मागच्या वेळी दुकानात मांजराचं चित्र असलेला मग हातात घेऊन मी सहज 'कावाई', म्हणजे 'किती गोड', म्हटलं आणि वळून बघते तर तो मग बास्केटमध्ये, नको नको म्हणेपर्यंत बिल झालंसुद्धा. आता कशाकडे बघायचीच भीती वाटते 😅 पैसे मी द्यायला हवेत का? आणि मी मासे खात नाही, अंडं चालतं, तर तिथे काय खाऊ?

उकडलेला_बटाटा:
हाहा, माझ्या कपाटात अशाच 'कावाई'च्या चार वस्तू पडल्यात. अगं ती गल्ली २.६ किलोमीटर लांब आहे, वर छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, त्यामुळे जे बघशील त्याला कावाई म्हणत सुटलीस तर ओकाआसानचं दिवाळं निघेल. स्वतःच्या वस्तू स्वतः घे, आधी काउंटरवर पोच. पैसे हातात द्यायचे नाहीत, समोर छोटा ट्रे असतो त्यात ठेवायचे. किंमत बघताना बारीक अक्षरातला आकडा बघ, बऱ्याच ठिकाणी मोठा आकडा टॅक्सशिवायचा असतो. घरी न्यायच्या खाण्यावर ८ टक्के, बाकी बहुतेक वस्तूंवर १०. टॅक्स फ्रीचा बोर्ड बघून खूश होऊ नकोस, ती सवलत टुरिस्टांना, आपल्यासारख्या स्टुडंट व्हिसावाल्यांना नाही. आणि कपडे ट्राय करणार असशील तर ट्रायल रूमच्या बाहेर बूट काढायचे, आत तोंडावर घालायला पातळ कापडी पिशवीसारखं काहीतरी ठेवलेलं असतं, मेकअप कपड्याला लागू नये म्हणून. मी पहिल्यांदा ते डोक्यावर टोपीसारखं घालून बाहेर आले होते.

पावसाळी_चप्पल:
बटाट्याशी अर्धवट सहमत. काउंटरवर पळत जाऊन पैसे भरणं त्यांना कधीकधी विचित्र वाटतं. आपल्याकडेसुद्धा घरी आलेल्या पाहुण्याने हॉटेलचं बिल हिसकावलं की आई रुसते ना, तसंच. एकदा 'नको' म्हण, फार तर दुसऱ्यांदा, मग गप घे. पण एखादी छोटी गोष्ट तुझ्याकडून ठरवून ठेव, चहा, कॉफी, गोड काहीतरी. तेव्हा म्हण 'कोरे वा वाताशी नी हारावासेते कुदासाई', म्हणजे हे मला भरू द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भेटल्यावर पुन्हा एकदा 'किनो वा आरिगातो गोझाइमाशिता', म्हणजे कालबद्दल धन्यवाद, म्हणायचंच म्हणायचं. काल धन्यवाद म्हटलं म्हणजे झालं असं इथे नसतं.

उकडलेला_बटाटा:
हे बरोबर आहे, दुसऱ्या दिवशीचं आरिगातो मी सहा महिने म्हटलंच नव्हतं, अजून लाज वाटते 🙈

भाकरी_आणि_ठेचा:
खाण्याचं सांगतो. 'मासे नको' एवढंच म्हणून भागत नाही, कारण दाशी, म्हणजे स्वयंपाकात वापरायचा अर्क. उदोन नूडल्सचं सूप असो की सॉस, बऱ्याचदा सुक्या बोनिटो माशाच्या अर्कात बनतं आणि वरून बघून कळतही नाही. ताकोयाकीत तर ऑक्टोपसच असतो, ओसाकात जिथे तिथे दिसेल. ओकाआसानला घरातून निघायच्या आधीच 'दाशी मो दामे देसु', म्हणजे दाशीही चालत नाही, सांगून ठेव, रांगेत उभं राहून समजावत बसू नको. गोडात लाल बीन्सचं सारण असलेल्या वस्तू बिनधास्त खा. शिवाय एस्कलेटरवर ओसाकात उजवीकडे उभे राहतात, तोक्योत डावीकडे, हे विचारलं नव्हतंस पण मी सगळ्यांची वाट अडवून उभा होतो म्हणून सांगतो.

शेपूची_जुडी:
जाऊन आले! मी कावाई म्हणायच्या ऐवजी 'नारुहोदो' म्हणत होते म्हणजे 'असं होय', तरी एक छत्री मिळालीच. ती मुकाट्याने घेतली. मग ताईयाकीच्या (गोड सारण भरलेला गरम केक) गाडीपाशी ते 'हारावासेते' वालं वाक्य म्हटलं, जीभ दोनदा अडखळली, ओकाआसान हसली आणि तिने पर्स परत पिशवीत टाकली. तीन ताईयाकी, नाणी मोजून ट्रेमध्ये ठेवली. ताईयाकी माशाच्या आकाराची असते हे मला माहीतच नव्हतं. हातात गरमागरम मासा घेतलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाय, आजीचा अजून फोन आलेला नाही.