मदत हवी आहे : दगडी ठशांसाठी दगड कुठला?

मंडळी, मी मुलांना ठसेकाम शिकवते. यंदा लिनो (कोरून ठसे काढायची मऊ लिनोलियमची लादी) बाजूला ठेवून किन्गाइटची दगड कोरून छापायची पद्धत दाखवायचं मनात आहे. किन्गाइट म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या एका बेटावरचं इन्युइट या तिथल्या मूळ रहिवाशांचं छोटं गाव. जुनं नाव केप डॉर्सेट. १९५० च्या दशकात कॅनेडियन चित्रकार जेम्स ह्यूस्टन यांनी तिथे छपाई रुजवली, त्यासाठी जपानला जाऊन लाकडी ठशांचे कलाकार उनइची हिरात्सुकांकडे शिकूनही आले. तिथल्या चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचं १९६० चं पिसं फुलवलेल्या घुबडाचं ठसाचित्र तर टपाल तिकिटावर झळकलं. गंमत म्हणजे चित्र एकाचं, दगड कोरणारा बहुधा दुसराच!

सपाट दगडावर चित्र उतरवायचं, मोकळी जागा खोल कोरायची, उठावावर शाई लावून वर पातळ कागद ठेवायचा आणि हाताने घासायचं. प्रेस लागत नाही, म्हणून तर मी हुरळलेय.

घोडं अडलंय दगडापाशी. शहाबादी फरशी मुलांना कोरता येईल, की नुसते टवके उडतील? शंखजिऱ्याची लादी कोणी वापरलीय का? छोटे तुकडे कुठे मिळतात? आणि घासताना न फाटणारा पातळ हातकागद कुठला? धुळीसाठी मास्क, चष्मे धरलेच आहेत.