शब्दचर्चा : ‘पवनक्षमता’ कोणाची, यंत्राची की वाऱ्याची?

साक्रीहून प्रश्न

ब्राह्मणवेल-छडवेल या पवनचक्क्यांच्या पट्ट्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहिते आहे. वाऱ्याच्या वेगाच्या नोंदींवरून त्या जागी किती ऊर्जा मिळू शकते, हे कसं काढतात असा विषय. सगळीकडे ‘पवनक्षमता’ शब्द दिसतो, पण पंख्यांच्या सावलीत वाढलेली ही मुलं तो ऐकून लगेच मेगावॅट सांगतात. मला यंत्राचं नाही, वाऱ्याचं बोलायचं आहे. ‘संभाव्यता’ चालेल का?

जळगावहून

नको ताई. पुढच्याच पानावर ‘संभाव्यता वितरण’ (कोणता वेग किती वेळा आढळतो, ते सांगणारं गणित) येणार, मग मुलं दोन्ही एकच समजतील. ‘स्थापित क्षमता’ (उभारलेली यंत्रं जास्तीत जास्त किती मेगावॅट देऊ शकतात ते) हा शब्द वीजखात्यात पक्का रुजला आहे, म्हणून ‘क्षमता’ यंत्राकडे राहू द्या. वाऱ्यासाठी ‘पवनसंपदा’ घ्या. आकडा द्यायचा तिथे ‘शक्तिघनता’, म्हणजे दर चौरस मीटरमागे वॅट. इथे ‘ऊर्जाघनता’ लिहू नका. वॅट हे शक्तीचं एकक, ऊर्जा युनिटमध्ये मोजतात.

शिरपूरहून

शब्दाइतकीच ‘सरासरी’ची काळजी घ्या, खरी फसगत तिथे होते. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा एका जागी वारा कायम सेकंदाला ६ मीटर वाहतो. दुसरीकडे निम्मा वेळ ३ आणि निम्मा वेळ ९. सरासरी दोन्हीकडे ६च. पण पहिल्याचा घन २१६, आणि दुसरीकडे २७ व ७२९ यांची सरासरी ३७८. म्हणजे पावणेदोन पट! हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरली, तर शक्तिघनता (निम्मी घनता गुणिले वेगाचा घन) अनुक्रमे सुमारे १३२ आणि २३२ वॅट येते. (ही घनता समुद्रसपाटीची, साक्रीच्या पठारावर ती थोडी कमीच धरावी लागेल.)

आपल्याकडे पावसाळ्यात वारा मुसंडी मारतो आणि पुढे पडतो. म्हणून इथे नुसती वार्षिक सरासरी सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. ‘घनांची सरासरी’ आणि ‘सरासरीचा घन’ हे दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी ठेवून शिकवा.

साक्रीहून

हे उदाहरण जसंच्या तसं घेते. आता वायबुल वितरण, म्हणजे वाऱ्याच्या वेगासाठी नेहमी वापरतात ते संभाव्यता वितरण. त्याच्या दोन प्राचलांपैकी (त्याचं रूप ठरवणाऱ्या संख्यांपैकी, म्हणजे पॅरामीटरपैकी) एकाला ‘आकार प्राचल’ ठीक वाटतं. दुसऱ्याला ‘प्रमाण प्राचल’ म्हणावं का?

जळगावहून

‘प्रमाण’ इथे घोटाळा करेल. ‘प्रमाण विचलन’मध्ये (वेग सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) त्याचा अर्थ वेगळा, ‘समप्रमाण’मध्ये आणखी वेगळा. मी ‘माप प्राचल’ म्हणेन. त्याचं एकक वेगाचंच असतं, म्हणून शब्द बसतोही. शिवाय अर्थ सरळ सांगता येतो: वितरण वायबुलचं असेल, तर सुमारे ६३ टक्के वेळ वारा या वेगापेक्षा कमी असतो, आकार प्राचल काहीही असो. आकार प्राचल लहान तर वेग जास्त विखुरलेले, मोठा तर एका वेगाभोवती गोळा झालेले. तो २ असला की त्यालाच रेले वितरण म्हणतात, आणि तेव्हा घनांची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या सुमारे १.९१ पट येते.

शिरपूरहून

एक भर घालतो. प्राचल काढण्याच्या कृतीला ‘अंदाज’ म्हणू नका. ‘वाऱ्याचा अंदाज’ म्हटलं की शेतकऱ्याच्या घरातलं पोर उद्याचं हवामान समजतं. ‘आगणन’ घ्या, किंवा बोलीत ‘अदमास’. मग प्राचल सरासरी आणि प्रमाण विचलनावरून काढा की महत्तम संभाविता पद्धतीने (हाती आलेल्या नोंदी ज्यांनी सर्वांत संभवनीय ठरतात, ते प्राचल निवडून), दोन्हीकडे तो शब्द चालतो.

साक्रीहून

मग वाक्य असं करते: “दर दहा मिनिटांच्या वर्षभराच्या नोंदींवरून वायबुलच्या आकार आणि माप प्राचलांचं आगणन करतात, त्यावरून शक्तिघनता काढतात आणि तीवरून जागेची पवनसंपदा ठरवतात. तिथे किती क्षमतेचे पंखे उभारायचे, हा त्यानंतरचा प्रश्न.”

जळगावहून

चालेल. फक्त नोंदी जमिनीपासून किती उंचीवरच्या, ते त्याच वाक्यात घाला. दहा मीटरवरचा वेग आणि ऐंशी मीटरवरचा वेग एक नसतो.