पोरीने क्विझ शोमध्ये बक्षीस जिंकलं, रिटर्न कोणी भरायचं?

प्रश्न: मुलगी 16 वर्षांची आहे, टीव्हीवरच्या क्विझ शोमध्ये 1 लाख जिंकली, पण 30 टक्के टीडीएस कापून हातात 70 हजारच आले. तिचं दुसरं काहीच उत्पन्न नाही, मग हे माझ्या रिटर्नमध्ये दाखवायचं का, आणि कापलेले परत मिळतील का?

उत्तर 1: एरवी अल्पवयीन मुलांचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात, पण स्वतःच्या ज्ञानावर, कौशल्यावर कमावलेलं असेल तर नाही (1 एप्रिल 2026 पूर्वीच्या 1961च्या आयकर कायद्यात हे कलम 64 होतं). म्हणजे तिचंच रिटर्न, तिच्या नावाने पॅन काढा आणि पालक म्हणून तुम्ही भरा. आणि हो, पोरीचं मनापासून अभिनंदन!

उत्तर 2: नव्या कर पद्धतीत रिफंडचं मात्र विसरा. गेम शोच्या बक्षिसावर सरसकट 30 टक्के, बेसिक सूट (ठरावीक रकमेपर्यंतची करमाफी) लागतच नाही, वर त्या करावर 4 टक्के सेस (उपकर), म्हणजे एकूण 31,200, उरलेले 1,200 भरावे लागतील. मुलांच्या बाबतीत हे फार कडक वाटतं मला.

प्रश्नकर्ती: बरं झालं विचारलं. उरलेल्याची तिच्या नावाने एफडी करतेय.

उत्तर 1: करा, पण ताई, त्याचं व्याज तिच्या कौशल्याचं नाही ना, ते तुमच्या नाहीतर मिस्टरांच्या उत्पन्नात येणार.